रॉकेट कशाला ढकलतं? आणि मुळात जायचंच कशाला?

बिनपंखी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचते आहे इथे, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

झालं असं की परवा रात्री लेक (वय वर्षं आठ) रॉकेट उडतानाचा व्हिडिओ बघत होती. मध्येच थांबवून म्हणाली, "आई, रॉकेट कशाला ढकलतं?" मी आपलं ठोकून दिलं की जमिनीला ढकलतं म्हणून वर जातं. जमीन सुटल्यावर? म्हटलं हवेला. दोन सेकंद शांतता, आणि मग, "पण खूप वर गेलं की हवाच नसते, तूच सांगितलं होतंस." संपलं. मोबाईल काढून घेतला आणि झोप म्हटलं. तर उशीत तोंड खुपसून वरून हे, "आणि वर काहीच नाही तर जायचंच कशाला?"

एकाच शब्दात दोन प्रश्न. दोन्ही "कशाला" तुमच्यासमोर ठेवते. कॉमर्सवाल्या आईला झेपेल असं सांगा, फॉर्म्युले नकोत.

कुंपणावरचा
वाचनखूण साठवली. दुसऱ्या कशालाचं उत्तर मलाही हवंय, सतरंजी टाकून बसलोय.

पाना_पक्कड
ताई, उत्तर चुकलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. १९२० च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात नेमकी हीच चूक केली होती. रॉबर्ट गोडार्ड नावाच्या प्राध्यापकाने लिहिलं की रॉकेट चंद्रापर्यंत नेता येईल, तर पेपरवाल्यांनी त्याची टिंगल केली की पोकळीत रेटा द्यायला काही नसतं एवढं शाळेतल्या पोरांनाही कळतं. गोडार्डने तोवर हवा काढलेल्या भांड्यात प्रयोग करून बघितलेला होता, रेटा मिळत होता. पेपरने चूक दुरुस्त केली ती १७ जुलै १९६९ ला, माणसं चंद्रावर उतरवणारं अपोलो ११ उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी. गोडार्ड १९४५ मध्येच गेला होता.

आता उत्तर. रॉकेट स्वतःच्याच गॅसला ढकलतं, आणि तो गॅस रॉकेटला ढकलतो. बास, एवढंच.

तरी लोकांना पटत नाही म्हणून मी दुसऱ्या बाजूने सांगतो. एक बंद डबा घ्या, आत प्रचंड दाबाचा गॅस भरलाय. तो चहूबाजूंनी भिंतींना सारखाच दाबतोय, पुढच्या भिंतीला जेवढा तेवढाच मागच्या भिंतीला, म्हणून डबा जागचा हलत नाही. आता मागच्या भिंतीला भोक पाडा. तिथे दाबायला भिंतच राहिली नाही, गॅस नुसता निसटून गेला, पण पुढच्या भिंतीवरचा दाब चालूच आहे, त्याला तोडीस तोड मागे कोणी उरलं नाही. डबा पुढे निघाला! गॅसने ढकललं ते डब्याच्या आतल्या पुढच्या भिंतीला. बाहेर हवा आहे की नाही याचा काय संबंध?

उलट हवा अडचणच करते. स्पेस शटलचं मुख्य इंजिन समुद्रसपाटीला सुमारे १८६० किलोन्यूटन रेटा द्यायचं आणि पोकळीत तेच इंजिन साधारण २२८० किलोन्यूटन. इंजिन तेच, पण वर बाहेरच्या हवेचा उलटा दाब नाही.

लेकीला फुगा दाखवा. फुगवून सोडून द्यायचा, गाठ न मारता.

बिनपंखी
भोकाचं भारी आहे! म्हणजे इतकी वर्षं मी उलटंच समजत होते, की बाहेर गेलेला गॅस कशाला तरी टेकून रेटा देतो. धन्स.

शंकासुर
हे सगळं ठीक, पण मग विमानाचं जेट इंजिन पण मागे गॅसच सोडतं ना? तेच घेऊन का नाही जात वर?

पाना_पक्कड
कारण जेट इंजिन समोरून हवा ओढतं, त्यातला ऑक्सिजन वापरून इंधन जाळतं. वर हवा नाही म्हणजे ओढायला काही नाही. रॉकेट आपला ऑक्सिजन टाकीत भरून नेतं, उणे १८३ अंशाला द्रवरूप करून. आणि गंमत म्हणजे केरोसिनवाल्या रॉकेटात केरोसिनपेक्षा ऑक्सिजनच दुपटीहून जास्त वजनाचा असतो. म्हणजे जो आपल्याला खाली फुकट मिळतो तोच सगळ्यात जड सामान.

शंकासुर
तरी एवढं अवाढव्य कशाला लागतं? अपोलोचं ते सॅटर्न ५, उंची ११० मीटर, वजन जवळजवळ २९०० टन, आणि शेवटी समुद्रात काय पडलं तर जेमतेम ५ टनांची कुपी. बाकी सगळं फेकून दिलं. इतकी उधळपट्टी मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिली नाही.

गणितातली_माशी
शंकासुरांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. ही उधळपट्टी कुणाच्या आळसाने झालेली नाही, ती गणितात आहे. फॉर्म्युला लिहीत नाही, शपथ.

बघा, इंधन वर न्यायला इंधन लागतं. ते जास्तीचं इंधन न्यायला आणखी इंधन. हे चक्र कुठे थांबतं ते कलुगा गावातल्या एका शाळामास्तराने कागदावर काढलं, कॉन्स्तांतिन त्सिओलकोव्स्की, लहानपणीच्या आजाराने ऐकू कमी यायचं, १९०३ मध्ये छापलं. सार असं की गॅस ज्या वेगाने मागे जातो तेवढा वेग रॉकेटला हवा असेल तर सुरुवातीचं वजन शेवटच्या वजनाच्या २.७ पट लागतं. त्याच्या दुप्पट वेग हवा तर २.७ गुणिले २.७. तिप्पट हवा तर परत गुणिले २.७. बेरीज नाही, गुणाकार!

आता आकडे घाला. केरोसिनचा गॅस ढोबळमानाने सेकंदाला ३ किलोमीटरने बाहेर पडतो. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जायला, हवेचा अडथळा आणि गुरुत्वाकर्षणाशी झटापट धरून, साधारण साडेनऊ किलोमीटर प्रति सेकंद एवढा वेग कमवावा लागतो. तीन पटीहून थोडं जास्त. म्हणजे गुणोत्तर वीसच्या वर जातं. शंभर टनांचं रॉकेट असेल तर इंधन संपल्यावर चार-पाच टन उरणार, आणि त्यातच टाक्या, इंजिनं, वायरिंग, पंप सगळं बसवायचं. माणूस आणि सामान त्यातूनही उरलेल्या जागेत.

म्हणून टप्पे. टाकी रिकामी झाली की तिचं ओझं कशाला वाहायचं, टाका खाली. उधळपट्टी दिसते ती खरं तर काटकसर आहे.

आणि एक. हाच हिशोब पृथ्वीचा व्यास दीडपट धरून केला (घनता तीच ठेवून), तर लागणारा वेग पण दीडपट होतो आणि गुणोत्तर वीसवरून शंभराच्या पुढे जातं. रासायनिक इंधनावर तिथून निघणं जवळपास अशक्य झालं असतं. आपण जेमतेम सुटू शकतो एवढ्या आकाराच्या गोळ्यावर जन्मलो. मला हे आठवलं की रात्री झोप येत नाही.

चकोरी
शेवटच्या वाक्याला दंडवत.

कुंपणावरचा
माशी, शपथ घेऊन पण गणित घातलंतच :) पण समजलं, हे विशेष.

पाना_पक्कड
मी रॉकेटवाला नाही, पंपवाला आहे, बावीस वर्षं पंपच बघतोय, तर माझ्या आवडीचं सांगतो. सगळे ज्वाळेकडे बघतात. माझं डोकं पंपाकडे जातं.

सॅटर्नच्या पहिल्या टप्प्याला एफ-१ नावाची पाच इंजिनं होती. पाचही मिळून सेकंदाला सुमारे १३ टन इंधन आणि ऑक्सिजन प्यायची. सेकंदाला! एवढं ढकलायला प्रत्येक इंजिनावर टर्बोपंप होता तो ५५ हजार हॉर्सपॉवरचा. एका इंजिनाचा नुसता पंप. त्याच पंपात एका बाजूला उणे १८३ चा ऑक्सिजन आणि दुसऱ्या बाजूला पंप फिरवणारा तापलेला गॅस, मध्ये हातभर अंतर. आमच्या इथे ८० अंशाचं पाणी आलं तरी सील गळतं म्हणून बोंब असते.

पुढे दहनकक्षात साधारण ३३०० अंश. लोखंड दीड हजाराला वितळतं. मग इंजिन का वितळत नाही? तर नॉझलच्या (गॅस बाहेर पडतो त्या तोंडाच्या) भिंती म्हणजे बारीक बारीक नळ्या जोडून केलेल्या असतात आणि जळायला जायच्या आधी थंड इंधन त्या नळ्यांतून फिरवतात. भिंत थंड राहते आणि इंधन जाता जाता गरम होतं. ज्याने जाळायचं त्यानेच थंड करायचं, हे ज्याला सुचलं त्याचे पाय धरावेत.

नॉझलचा आकार बघा, आधी आवळत जातो आणि मग घंटेसारखा पसरतो. आपल्याला वाटतं पसरट केल्यावर गॅस मंदावेल, पाण्याच्या पाइपात तसंच होतं. पण गळ्यापाशी गॅस आवाजाच्या वेगाला पोचलेला असतो आणि त्यापुढे नियमच उलटा होतो, जागा मिळाली की तो आणखी जोरात धावतो. गुस्ताफ दे लाव्हालने हे वाफेच्या टर्बाइनसाठी केलं होतं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, रॉकेटबिकेट काही डोक्यात नसताना.

अजून एक आणि थांबतो. एफ-१ सुरुवातीला चाचणीत फुटायचं. आतली ज्वाळा डचमळायची आणि काही क्षणांत इंजिनाच्या चिंध्या. नीट थिअरी कोणाकडेच नव्हती. मग त्यांनी काय करावं, तर चालू इंजिनात मुद्दाम छोटे बाँब फोडायचे आणि ज्वाळा किती लवकर शांत होते ते मोजायचं, मग इंधन फवारणाऱ्या तबकडीवर आडव्या-उभ्या पट्ट्या लावून बघायच्या, परत बाँब. असं करत करत जमवलं. आम्ही याला "ठोकून बघू" म्हणतो.

शंकासुर
हसून हसून पुरेवाट. चंद्रावर माणूस "ठोकून बघू"ने गेला तर.

उत्तररात्र
जाता जाता, गोडार्डचं १९२६ चं पहिलं द्रव-इंधनी रॉकेट बघा फोटोत, इंजिन वर आणि टाकी खाली आहे. त्याला वाटलं इंजिन वरून ओढेल आणि टाकी खाली लटकेल म्हणजे रॉकेट सरळ राहील. ते खरं नाही, ओढा की ढकला, कलायचं ते कलतंच. उडालं अडीच सेकंद, उंची १२ मीटरच्या आसपास. आताची रॉकेटं इंजिनच थोडं इकडेतिकडे वळवून सरळ राहतात, तळहातावर काठी उभी धरून आपण हात हलवत राहतो ना, तसं.

बिनपंखी
काठीचा प्रयोग झाला, एक फुलदाणी गेली.

लेकीचा पुढचा प्रश्न: रॉकेट सरळ वर जाऊन मग वाकडं का होतं?

ढगातली
मी घेते हा. कारण अंतराळात राहायचं म्हणजे वर जायचं नसतं, आडवं जायचं असतं.

अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर वर आहे. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं असं बहुतेक सगळ्यांना वाटतं. असतं, आणि इथल्या जवळजवळ ८९ टक्के असतं. ४०० किलोमीटर उंच शिडी केली आणि तिच्यावर उभ्या राहिलात तर वजनकाट्यावर किरकोळ फरक पडेल. शिडीवरून पाय सुटला तर सरळ खाली.

मग अंतराळवीर तरंगतात का? ते पडतच असतात. पण आडव्या दिशेने सेकंदाला पावणेआठ किलोमीटर पळत पळत पडत असतात. समजा आठ किलोमीटर पुढे गेलात, तेवढ्यात पाच मीटर खाली पडलात, पण पृथ्वी गोल आहे आणि आठ किलोमीटरवर जमीनसुद्धा पाच मीटरने खाली वळलेली असते. म्हणजे पडलात तरी जमीन तेवढीच लांब. न्यूटनने डोंगरावरच्या तोफेचं चित्र काढून हेच सांगितलं होतं, तोफेचा वेग वाढवत नेला तर गोळा एके दिवशी मागून येऊन तोफेलाच धडकेल.

म्हणून रॉकेट हवा विरळ होईपर्यंत वर जातं आणि मग आडवं होऊन पळतं. खर्चाचा हिशोब मांडला तर ४०० किलोमीटर उंचीला लागणारी ऊर्जा आणि तो आडवा वेग मिळवायला लागणारी ऊर्जा यांचं प्रमाण साधारण एकास आठ आहे. वर जाणं स्वस्त, राहणं महाग. जे नुसते वर जाऊन दहा मिनिटांत परत येतात त्यांची आणि कक्षेत जाणाऱ्यांची तुलना म्हणूनच करू नये.

चकोरी
"पडायचं पण जमिनीला चुकवायचं", असं सांगा लेकीला :)

उत्तररात्र
मग मला हे सांगा, अपोलो ११ निघालं १६ जुलैला आणि २० ला उतरलं. आपलं चांद्रयान ३ निघालं १४ जुलैला आणि उतरलं २३ ऑगस्टला, चाळीस दिवस. माझा मित्र म्हणतो आपलं तंत्रज्ञान मागे आहे म्हणून.

गणितातली_माशी
मित्राला सांगा की वजनं बघ. सॅटर्न २९०० टनांचं होतं, आपलं एलव्हीएम३ सुमारे ६४० टनांचं. चांद्रयान ३ चं वजन ३९०० किलो. आपलं रॉकेट त्याला एका दमात चंद्राकडे भिरकावू शकत नव्हतं, म्हणून आधी लांबट अंड्यासारख्या कक्षेत सोडलं आणि मग यानाच्या छोट्या इंजिनाने कक्षा वाढवत नेली. झोपाळा आठवा. एकदम आकाशात नेणारा धक्का देता येत नाही, पण प्रत्येक वेळी झोका खाली आला की थोडा थोडा दिला तर तोच झोका वर चढतो. यानसुद्धा पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आलं, म्हणजे सगळ्यात वेगात असलं, की इंजिन चालवायचं. वेगात असताना जाळलेलं इंधन जास्त ऊर्जा देऊन जातं, यात जादू काही नाही, गणितच आहे पण शपथ आहे म्हणून सोडतो. असं करत १ ऑगस्टला ते चंद्राच्या वाटेला लागलं, ५ ला चंद्राच्या कक्षेत. प्रत्यक्ष पृथ्वी ते चंद्र म्हणाल तर तिथेही चार-पाच दिवसच लागले. उरलेले दिवस इथे झोके घेण्यात आणि तिथे हळूहळू खाली उतरण्यात गेले.

माणूस बसवला असता तर हे चाळीस दिवस परवडले नसते. यंत्राला काय, ते कंटाळत नाही.

तिरकस
झालं का कौतुक? मग आता दुसऱ्या कशालाकडे या की. इकडे लोकांच्या डोक्यावर छप्पर नाही आणि तिकडे ५ टनांची कुपी आणायला २९०० टन जाळतायत. कशाला?

कुंपणावरचा
आला रे आला, याचीच वाट बघत होतो. सतरंजी झटकली.

चकोरी
तिरकसभाऊ, वादळाचं उदाहरण घ्या. १९७० मध्ये बंगालच्या उपसागरातल्या भोला वादळात काही लाख माणसं गेली. १९९९ मध्ये ओडिशात दहा हजारांच्या आसपास. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा मृतांचा आकडा काही डझनांत राहिला. उपग्रहाने आधीच वादळ दाखवलं, माणसं हलवली.

तिरकस
वाटच बघत होतो याची. पहिली गोष्ट, माणसं वाचली ती निवारे बांधले आणि लाखोंना गाड्यांत घालून हलवलं म्हणून, उपग्रह एकटा काही करत नाही. दुसरी गोष्ट, हवामानाचा उपग्रह म्हणजे अंतराळाचा शोध नव्हे, तो वरून खाली बघतो. मी विचारतोय चंद्र आणि मंगळ कशाला? उपग्रहाच्या पदराआड लपू नका.

ढगातली
तिरकस, मुद्दा बरोबर आहे आणि मी चकोरीच्या बाजूची असून मान्य करते. आणखी एक मान्य करते, ते नेहमी फेकतात ना की टेफ्लॉन आणि वेल्क्रो नासाने दिलं, ते खोटं आहे. टेफ्लॉन १९३८ चं, नासा १९५८ ला स्थापन झाली. फोनच्या कॅमेऱ्यातला सेन्सर मात्र नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत यानांसाठी लहान कॅमेरा करताना पुढे आला, ते खरं आहे. पण चांगला कॅमेरा हवा होता तर सरळ कॅमेऱ्यावर खर्च करायचा, मंगळाला वळसा घालून कशाला? असल्या कारणांनी अंतराळाची बाजू कमजोरच होते असं माझं मत.

शंकासुर
खरं कारण कोणी बोलत नाहीये, भांडण. १९५७ च्या ४ ऑक्टोबरला रशियाचं स्पुटनिक, पहिला कृत्रिम उपग्रह, वर गेलं आणि अमेरिकेच्या पोटात गोळा आला, कारण जे रॉकेट गोळा कक्षेत टाकतं तेच बाँबही टाकतं. स्पुटनिक नेणारं रॉकेट मुळात क्षेपणास्त्रच होतं. अमेरिकेचा अध्यक्ष केनेडी, त्याने तर नोव्हेंबर १९६२ च्या बैठकीत नासाच्या प्रमुखाला सरळ सांगितलं की मला अंतराळात तसा फार रस नाही, रशियाच्या आधी चंद्रावर पोचणं महत्त्वाचं. टेप आहे त्याची. १९६६ ला अमेरिकेच्या केंद्रीय बजेटचा ४.४ टक्के वाटा नासाला होता, शर्यत जिंकली आणि नळ बंद, आता अर्धा टक्कासुद्धा नाही.

आणि त्याच्याही मागे जा. व्ही-२, दुसऱ्या महायुद्धातलं क्षेपणास्त्र आणि पोकळीपर्यंत पोचलेलं पहिलं रॉकेट, जर्मनीत छळछावणीच्या कैद्यांकडून डोंगराखालच्या बोगद्यात बनवून घ्यायचे. हजारो मेले तिथे. ते रॉकेट बनवणाराच पुढे सॅटर्नचा शिल्पकार, फॉन ब्राउन. कौतुक करताना हेही बोला.

पाना_पक्कड
बोलायलाच हवं. मी वर इंजिनाचं एवढं गायलो त्यात हे राहिलं.

बिनपंखी
हे आठ वर्षांच्या मुलीला कसं सांगू?

शंकासुर
आत्ता नका सांगू. पण बारा वर्षांची झाली की सांगा, लपवू नका.

ढगातली
भांडणाने पैसे दिले हे खरं, पण त्या पैशाने आलं काय तेही बघा. अपोलोने ३८२ किलो दगड-माती आणली. त्या दगडांवरून चंद्राचं वय कळलं आणि तो बहुधा पृथ्वीवर मोठा गोळा आदळून उडालेल्या मालातून झाला ही कल्पना पुढे आली. मंगळावरचं अमुक मैदान किती जुनं हे आपण आजही खड्डे मोजून सांगतो, त्या खड्ड्यांचं घड्याळ लावलं ते याच दगडांवरून. चांद्रयान १ वरच्या उपकरणांनी २००९ मध्ये चंद्राच्या मातीत पाण्याचे अंश दाखवले, त्याआधी बहुतेक जण तो कोरडाच म्हणत होते. शुक्र आकाराने पृथ्वीची जुळी बहीण, पण जमिनीवर ४६० अंशाच्या आसपास, कारण कार्बन डायऑक्साइडचं पांघरूण. हे इथे बसून कळलं नसतं. एकच घर बघितलेल्या माणसाला आपल्या घराचं छप्पर गळतंय की सगळ्यांचीच गळतात हे कसं कळणार?

आणि तिरकसांना छप्पर हवंय ना, तर हे घ्या. २०१३ च्या १५ फेब्रुवारीला रशियात चेल्याबिन्स्कवर २० मीटरच्या आसपासचा धोंडा हवेत फुटला, काचा फुटून दीड हजार जखमी, कोणालाही आधी पत्ता नाही. २०२२ च्या सप्टेंबरात डार्ट नावाचं यान मुद्दाम डिमॉर्फोस नावाच्या धोंड्यावर नेऊन आपटलं, त्याची प्रदक्षिणा सुमारे अर्ध्या तासाने कमी झाली. डायनोसॉरकडे अंतराळ कार्यक्रम नव्हता हा जोक जुना झाला, पण खरा आहे.

तिरकस
डार्टवर निरुत्तर. नोंद घ्या, वर्षातून एकदा होतं.

पण त्यात माणूस कुठे होता? यंत्रं पाठवा ना. माणूस पाठवला की हवा, पाणी, परतीचं इंधन, आणि माशीबाईंचं ते गुणिले गुणिले.

गणितातली_माशी
माशीबाई नाही हो, माशीबुवा :) पण मुद्दा बिनतोड. परतीचं एक किलो म्हणजे इथून निघताना शेकडो किलो. म्हणूनच मला वाटतं तुमचं "कशाला" हा प्रश्न टीकाकारांचा नाहीच मुळी, तो रॉकेट बनवणाऱ्यांचा रोजचा प्रश्न आहे. प्रत्येक स्क्रूला विचारतात, तू कशाला? अपोलोच्या चंद्रावर उतरणाऱ्या यानातून वजन वाचवायला खुर्च्या काढून टाकल्या, अंतराळवीर उभ्याने उतरले चंद्रावर. जागोजागी भिंत इतकी पातळ की हातातलं अवजार पडलं तर भोक पडेल अशी भीती.

पाना_पक्कड
माणसाच्या बाजूने एक सांगतो. अपोलो १७ वाल्यांनी तीन दिवसांत चंद्रावर गाडीने ३५ किलोमीटर फिरून घेतलं. मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी गाडीला ४५ किलोमीटरला चौदा वर्षं लागली. तिचं कर्तृत्व मोठंच, नव्वद दिवसांसाठी पाठवलेली. पण मंगळाला सिग्नल जायला तीन ते बावीस मिनिटं, प्रत्येक दगडाशी थांबून खाली विचारायचं. त्याच अपोलो १७ मध्ये हॅरिसन श्मिट होता, भूगर्भशास्त्रज्ञ, त्याला चालता चालता बुटाखाली नारिंगी माती दिसली आणि तो थबकला. ज्वालामुखीच्या काचेचे मणी निघाले ते, साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचे. यंत्राला "थबकणं" शिकवणं अवघड आहे.

तिरकस
आणि १९८६ ला चॅलेंजर शटल फुटलं ते? सात माणसं, ७३ सेकंदांत. थंडीत रबरी सील काम करणार नाही असं इंजिनिअर आदल्या रात्री ओरडून सांगत होते.

पाना_पक्कड
हो. सीलच. घन इंधनाचा बूस्टर एकदा पेटला की बंद करता येत नाही, द्रव इंजिनाचा पंप निदान थांबवता येतो. त्या रात्रीच्या बैठकीबद्दल मी दर दोन वर्षांनी वाचतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर कोणी "चालेल हो" म्हटलं की माझा आवाज चढतो. याला माझ्याकडे उत्तर नाही.

चकोरी
मी पण एक कारण देते, उपयोगाचं नाही. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, तिच्यावर जगभरातले सत्तावीस संगीताचे तुकडे आहेत, त्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. व्हॉयेजर १ सूर्याच्या वाऱ्याच्या हद्दीबाहेर गेलं २०१२ मध्ये. तिथून निघालेला सिग्नल आता इथे पोचायला २३ तासांहून जास्त लागतात. मैफल भैरवीने संपते असं आपण म्हणतो, आणि ही भैरवी कोण ऐकणार याचा पत्ता नसताना चाललीच आहे. कशाला? माहीत नाही. पण मला ते परत आणायला लावू नका.

कुंपणावरचा
मी कुंपणावरून चकोरीच्या अंगणात उडी मारली.

तिरकस
गाणं ऐकवून जिंकणं फाउल आहे.

बिनपंखी
तुम्हा सगळ्यांना धन्स, एवढं येईल वाटलं नव्हतं. काल फुग्याचा प्रयोग केला, भोकाची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ फुगा बघत बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे फुगा आपल्याच आतल्या हवेला ढकलतो." तिच्या शब्दांत, मी काही बोलले नव्हते. दुसऱ्या कशालाबद्दल म्हटलं, मोठी माणसं अजून भांडतायत. त्यावर तिचं मत पडलं की मग आधी जाऊन यायचं ना, भांडायचं नंतर.

पण सुटका नाही. आज सकाळी: "परत येताना थांबायला कशाला ढकलतात?"

पाना_पक्कड
हाहा, बरोबर जागी आली. वर जाताना जो वेग कमवायला शेकडो टन जाळले तो परत येताना घालवायचा आहे, आणि इंजिनाने घालवायचा म्हटलं तर तेवढंच इंधन वर न्यायला हवं, म्हणजे माशीबुवांचं गुणिले परत. म्हणून कक्षेतून निघताना इंजिन थोडंसंच उलटं चालवतात, सेकंदाला शंभरेक मीटर वेग कमी होण्याइतपत. तेवढ्याने वाट खाली वाकते आणि यान हवेत शिरतं. उरलेले साडेसात किलोमीटर हवा खाते. यानाचं बूड मुद्दाम बोथट असतं, टोकदार नाही, म्हणजे समोरची हवा दाबली जाऊन तापते आणि बरीचशी उष्णता बाजूने निघून जाते, ढाल वरवर जळत झिजत राहते आणि आत माणूस बसलेला.

तेव्हा सांगा तिला, येताना हवेलाच ढकलतात. तुमचं पहिलं उत्तर इथे चालेल.

बिनपंखी
सांगते! निदान एक तरी बरोबर निघालं :)